ताईचं गणित, माझा मणी

३ सप्टेंबर

पट्टे पुसट झाले! आज सकाळी, माझ्या डोळ्यांदेखत. लॅबमधली माझी जोडीदार, लेझरवाली, म्हणाली, "स्क्रीन पूस जरा, धूळ असेल." पुसली. धूळ नव्हती.

काही सुचत नाहीये. जेवण गेलं नाही. उद्या नीट लिहीन.

४ सप्टेंबर

नीट लिहिते. डोकं थाऱ्यावर आणायला दुसरा उपाय नाही.

आमचा मणी काचेचा. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, हिरव्या प्रकाशात ठिपका चमकला तर आहे म्हणायचं. स्टीलच्या डब्यात, हवा उपसून काढलेल्या पोकळीत, लेझरच्या झोतावर तरंगत असतो. तो झोत क्षणभर बंद करायचा. मणी पडतो. आणि पडताना—सगळी गंमत इथेच—तो एका जागी नसतो. डावीकडे असतो आणि उजवीकडेही असतो. अर्धा इथे, अर्धा तिथे असं नव्हे. अख्खा इथे, अख्खा तिथे. मग झोत पुन्हा लावायचा, मणी पकडायचा, कुठे सापडला ते टिपायचं. असं हजारो वेळा. सगळे ठिपके एकत्र मांडले की काळे-पांढरे पट्टे उमटतात. पट्टे दिसले म्हणजे मणी खरोखरच दोन्हीकडे होता. पट्टे पुसले गेले म्हणजे वाटेत कशानं तरी त्याला एक जागा निवडायला लावली.

कशानं? इथे ताई येते.

माझी सख्खी मोठी बहीण. मी हातानं काम करणारी, ती कागदावर. गेली वीसेक वर्षं तिचं एकच म्हणणं—मण्याला निवडायला लावतं ते गुरुत्वाकर्षण. वस्तू जिथे असते तिथल्या अवकाशाला बाक आणते. मणी दोन जागी, म्हणजे बाकही दोन तऱ्हेचा. एकाच अवकाशाला एकदम दोन बाक! ताई म्हणते, हे फार वेळ चालायचं नाही. अवकाश दम देतं—काय ते एक ठरव. वस्तू जितकी जड, तितका दम लवकर. म्हणून इलेक्ट्रॉन खुशाल दोन जागी राहतो आणि माझी चप्पल एकाच जागी राहते. हवी तेव्हा सापडत नाही ते वेगळं.

बाकीचं जग म्हणतं, असलं काही नसतं. उरलीसुरली हवा मण्याला धक्के देणार नसेल तर तो हवा तेवढा वेळ दोन्हीकडे राहील. ताईला समोर 'मॅडम' म्हणतात आणि पाठीमागे 'बाकवाली'.

आणि कालचे पट्टे बाकवालीच्या आकड्याबरहुकूम पुसट झाले. किती वेळात किती पुसट—तिनं मी कॉलेजात असताना मांडलेला आकडा!

५ सप्टेंबर

ताईला इतक्यात सांगायचं नाही असं ठरवलं. आणि दुपारीच सांगून टाकलं.

ताई म्हणाली, "पुन्हा सांग." पुन्हा सांगितलं. मग फोनवर भाऊजी. "काय सांगितलंस हिला? ओट्याला टेकून उभी आहे. हसते की रडते कळेना." भाऊजी दातांचे डॉक्टर. म्हणाले, "माझ्या खुर्चीत बसलेली माणसं असा चेहरा करतात, पण भूल दिल्यावर."

मी इकडे फोन धरून वेड्यासारखी हसत होते. आई गेली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या ताईनं घातल्या, गणितं ताईनं घेतली. चुकलं की कान धरायची, बरोबर आलं की काहीच बोलायची नाही, नुसतं पुढचं पान उलटायची. आज ते पान माझ्या हातात.

९ सप्टेंबर

झोप उडालीय. आनंदानं नव्हे.

गेजवर विश्वास बसत नाहीये. डब्यात हवा किती उरली ते गेज सांगतो, पण गेज बसवलाय पंपाजवळ आणि मणी आहे पार मध्यभागी. मधे हवा थोडी जास्त असली तर? तिचे कण मण्याला टपल्या मारतील, आणि टपलीनंही पट्टे पुसट होतात. सारखेच पुसट! मग अवकाशानं दम दिला की हवेनं टपली मारली, कसं ओळखायचं?

लेझरवालीला म्हटलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं तू हे काढणार." तिला दोष देत नाही. तिनं मिठाईचा बॉक्स आणला होता.

११ सप्टेंबर

बाबा माझ्याकडेच राहतात. आयुष्यभर लोकांना चष्मे करून दिले, आता स्वतःचा चष्मा दिवसातून दहा वेळा शोधतात. आज जेवताना विचारलं, "तुमचा तो मणी. कोणी बघत नसताना तो नक्की असतो कुठे?"

म्हटलं, "बाबा, असं विचारत नाहीत. बघितल्यावर कुठे सापडेल तेवढंच सांगता येतं."

"असं का विचारत नाहीत?"

"चालतं त्यावाचून. सगळी यंत्रं चालतात."

"मग तुझी ताई कशाला विचारते?"

खरंय. आम्हा सगळ्यांना गणित सोडवायला शिकवलं आणि त्या प्रश्नावरून अलगद पुढे नेलं. ताई एकटी तिथेच थांबली. मला नेहमी वाटायचं, ती अडकली. आता वाटतं, आम्हीच सटकलो.

१५ सप्टेंबर

ताईनं सांगून टाकलं! महिनाअखेरीला इथे आमच्याच सभागृहात मोठी परिषद आहे, तिथलं मुख्य भाषण तिचं. विषय म्हणून आमचा निकालच कळवून मोकळी झाली. विभागप्रमुख सकाळी हात चोळत आले, "अभिनंदन, अभिनंदन! दोघी बहिणी एकदम!"

फोन केला. "ताई, थांब ना थोडं."

"वीस वर्षं थांबलेच आहे."

"मला डबा एकदा तापवून घ्यायचाय. भिंतींना चिकटलेली ओल निघून जाईल, पोकळी आणखी स्वच्छ होईल. मग पुन्हा बघू."

"आणि पट्टे परत आले तर?"

"तर ती हवा होती."

ती अगदी हळू म्हणाली, "तुला निकाल हवाय की निकाल नकोय, एकदा ठरव."

१६ सप्टेंबर

दिवसभर तेच डोक्यात. निकाल हवाय की नकोय. अरे, हवाय! इतका हवाय की म्हणूनच भीती वाटते. परक्या माणसाचा सिद्धांत असता तर मी तो डबा पहिल्याच दिवशी तापवला असता. ताईचा आहे म्हणून इतके दिवस गेले—हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

आणि परक्याचा असता तर इतक्या कसोशीनं तपासला असता का? तेही माहीत नाही.

१८ सप्टेंबर

ताई घरी आली. बाबांच्या औषधांचं निमित्त. बाबा आतल्या खोलीत गेल्यावर खालच्या आवाजात भांडण. मोठ्यानं भांडलो असतो तर बरं झालं असतं.

"तू मला चूक ठरवायला उठलीयेस."

"मी मला चूक ठरवायला उठलेय, ताई. डबा माझा आहे."

"जग मला बाकवाली म्हणतं. माहितीये मला. कोणाला वाटतं मला माहीत नाही?"

मी बाबांच्या औषधांची पाकिटं नीट लावायला लागले.

"एक दिवस," म्हणाली, "फक्त एक दिवस मला बरोबर असू दे. मग तापव तुझा डबा, वितळव हवा तर."

ती असं कधी बोलत नाही. कधीच नाही. जाताना बाबांना हाक मारून "येते हं" म्हणाली, माझ्याकडे बघितलं नाही.

१९ सप्टेंबर

हीटर गुंडाळले. वर चकचकीत फॉइल. डबा भाजायला ठेवलेल्या बटाट्यासारखा दिसतोय. प्रमुख येऊन बघून गेले. "आता कशाला तापवताय? आलेला निकाल थंड पडेल." स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले. मी हसले नाही तेव्हा म्हणाले, "बघा बुवा. परिषद तोंडावर आहे."

२२ सप्टेंबर

तापतोय. थांबण्याखेरीज काम नाही. घरी येऊन खिडक्या पुसल्या, चपला ओळीनं लावल्या, बाबांचा चष्मा चार वेळा शोधून दिला. पाचव्यांदा दिला तेव्हा त्यांनी मागितलाच नव्हता. म्हणाले, "तू बस. किंवा बाहेर जा. पण अशी फिरू नकोस, मला गरगरतं."

२५ सप्टेंबर

डबा थंड होतोय. मी नाही.

२७ सप्टेंबर

पोकळी अशी की या डब्यात कधी नव्हती. नवा मणी धरला. मोजणी चालू. शनिवारी इमारत रिकामी असते, रस्त्यावर ट्रक कमी, त्यामुळे हादरे नाहीत. उद्याही मोजणी. परवा ताईचं भाषण.

मनातल्या मनात देवाला सांगते—पुसटच राहू देत. आणि मग शरम वाटते. मणी तर ऐकत नाही ना?

२९ सप्टेंबर

सगळं लिहिते. क्रमानं.

सकाळी पट्टे परत आले. लख्ख. कंगव्याच्या दातांसारखे. लेझरवालीनं नुसता खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कळलं की हे खरं आहे.

हवाच होती. भिंतींतून सुटणारी ओल. टपल्या मारायच्या तर मारा, पण नेमक्या ताईच्या आकड्याएवढ्या? योगायोगालाही काही लाज असावी!

भाषण दुपारी. सभागृहापर्यंत चालत गेले. कॅम्पसमधल्या दोन बस सोडल्या, मुद्दाम. भाषणानंतर सांगितलं तर? 'फक्त एक दिवस' मागितला होता तिनं, आणि आज तोच दिवस. पण मग ती भरल्या सभेत जे सांगेल ते खोटं असेल, आणि ते खोटं आहे हे त्या सभेत फक्त मला माहीत असेल. तिथे बसून मी टाळ्या वाजवायच्या? नाही. आधी सांगितलं तर काय होईल याचा मात्र विचारच पुढे सरकेना.

बाबा पहिल्या रांगेत, ठेवणीतला कोट घालून. मला हात केला. मी मागच्या जिन्याकडे गेले. ताई तिथे पायरीवर उभी राहून मुद्दे म्हणत होती, शाळेत पाठ म्हणायची तशी. मला बघितलं आणि थांबली.

"बोल."

"ताई, तापवल्यावर—"

"परत आले?"

"आले."

"किती?"

"सगळे."

ती पायरीवर बसली. एक बूट काढला, टाच चोळली. "आजसाठी घेतले," म्हणाली, "चावतात."

मी म्हटलं, "पुढे ढकलू या. मी सांगते तुला बरं नाही म्हणून."

"मला बरं आहे. आलेख दाखव."

फोनवर दाखवला. तिनं तो जवळ धरला, लांब धरला, मोठा केला. लहानपणी माझी वही बघायची त्याच नजरेनं. चूक शोधत होती. आणि मी मनात—काढ, ताई, चूक काढ, मी कान पुढे करते. बराच वेळ गेला. वरून कोणीतरी नावाचा पुकारा करत होतं.

"स्वच्छ काम आहे," म्हणाली. फोन परत दिला. दुसरा बूट काढला, दोन्ही माझ्या हातात दिले आणि अनवाणी वर गेली.

मी बाबांशेजारी जाऊन बसले. मांडीवर बूट.

ती म्हणाली, "मी आज तुम्हाला एक निकाल सांगणार होते. तो निकाल आता राहिला नाही. माझ्या धाकट्या बहिणीनं तो पुन्हा तपासला, आणि तो गेला. तेव्हा उरलेल्या वेळात माझा सिद्धांत नेमका कुठे मोडला ते दाखवते." आणि फळ्याकडे वळली. ओळीमागून ओळ. कुठली ओळ अजून उभी आहे, कुठली पडली, कुठली पडल्यानं दुसरी कुठली पडते. इतकं सुंदर तिनं तो सिद्धांत मांडतानाही कधी मांडलं नव्हतं. मधे एकदाच थांबून पाणी प्यायली.

शेवटी तिचा जुना विरोधक उठला, पांढऱ्या दाढीचा. "म्हणजे गुरुत्वाकर्षण निर्दोष सुटलं म्हणायचं?"

ताई म्हणाली, "या खटल्यापुरतं."

सभागृह हसलं. मग लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

बाहेर येऊन तिनं माझ्या हातातून बूट घेतले. भाऊजींनी गाडीचं दार उघडलं, ती बसली, गेली.

परतताना बाबांनी विचारलं, "हरली का ग ती?"

"हो, बाबा."

"मग टाळ्या कसल्या होत्या?"

४ ऑक्टोबर

ताई फोन उचलत नाही.

९ ऑक्टोबर

जगभरातून अभिनंदन. 'फार सुंदर मर्यादा घातलीत,' असं लिहितात. एका माणसाची वीस वर्षं खोडली की आमच्यात त्याला मर्यादा घालणं म्हणतात.

आणि सुटलं काय? काहीच नाही! उलट वाढलं. बाकानं दम दिला नाही, म्हणजे बाकही दोन्हीकडे गेला का? मण्याबरोबर अवकाशही दोन तऱ्हेचं? मग घड्याळंही दोन तऱ्हेनं चालणार, कारण गुरुत्वाकर्षण जिथे जास्त तिथे वेळ हळू जातो. आणि आम्ही आपले म्हणतो, मणी 'एकाच वेळी' दोन जागी. कोणाच्या वेळी? हे विचारायला एकच माणूस आहे आणि ते फोन उचलत नाही.

१४ ऑक्टोबर

भाऊजींचा फोन. "दिवसभर बागेत खणते. काही लावत नाही. नुसती खणते."

"जेवते का?"

"माझ्यापेक्षा जास्त. तू येऊ नकोस इतक्यात. मी पेशंटला सांगतो ना, जीभ लावू नका तिकडे. तसं समज."

२६ ऑक्टोबर

ताई लॅबमध्ये आली! न कळवता. दारात उभी, हातात पिशवी, नखांत माती.

ती इथे कधीच आली नव्हती. एवढी वर्षं या मण्यावर गणितं केली आणि मणी बघितला नव्हता. मीही कधी बोलावलं नव्हतं, हे आजच लक्षात आलं. पायात कव्हरं घातली, केसांवर टोपी. कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवा ठिपका हळूहळू थरथरत होता.

"एवढाच?"

"एवढाच."

"ह्यानं माझी वाट लावली होय?" आणि हसली. मग मीही. मग दोघी इतक्या हसलो की लेझरवाली आतून बघायला आली.

खुर्च्या ओढून बसलो. मी विचारलं, "रागावली होतीस?"

"खूप. तू चूक असतीस तर कमी रागावले असते."

मग जरा वेळानं, पडद्याकडे बघत—"तुम्ही ह्याला नेहमी आडवाच पसरवता? डावी-उजवी? वर-खाली का नाही?"

मी समजावलं. वर-खाली केलं तर पृथ्वीची ओढ मधे येते, पट्टे सरकतात. सरकतात फक्त, पुसट होत नाहीत. ते पुस्तकातलं आहे, त्यात नवीन काही नाही. आणि डबा त्यासाठी फिरवायला लागतो, फार कटकट.

"वर वेळ जरा भरभर जातो, खाली जरा हळू," ती म्हणाली. "म्हणजे वरचा मणी खालच्यापेक्षा म्हातारा."

"ताई, एवढ्याशा उंचीत? तो फरक इतका बारीक आहे की विसर."

"विसरते," म्हणाली. पिशवीतून डबा काढला, तिघींनी खाल्लं. जाताना माझी टोपी सरळ केली.

५ नोव्हेंबर

लेख छापायला गेला. हात रिकामे. डोकं नाही.

लेझरवाली म्हणते, "फिरवू या का डबा? तसाही पडूनच आहे." म्हटलं, कशाला, पट्टे सरकतील आणि काय. ती म्हणाली, "मग सरकलेले बघू."

फिरवतोय.

२१ नोव्हेंबर

पट्टे सरकले. पुस्तकात आहे तितकेच. पण—

पण नाही. आधी तापवते.

६ डिसेंबर

तापवला. नवा मणी. नवा गेज, मण्याच्या अगदी शेजारी. आडवा पसरवला, पट्टे लख्ख. उभा पसरवला, पुसट. पुन्हा आडवा, लख्ख. पुन्हा उभा, पुसट. हवा तीच, लेझर तोच, मणी तोच. ताईच्या आकड्यात बसत नाही. पांढऱ्या दाढीच्या आकड्यात बसत नाही. पुस्तकात तर नाहीच.

ताईला फोन लावला. म्हटलं, "बसलीयेस का?"

"उभी आहे. बोल."